थरच्या वाळवंटातले साप, कोल्हापुरातला माळा: एक प्रकरण अभ्यास

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आहे तसा ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

पंचगंगेच्या अंगाला असलेल्या एका पेठेतलं जुनं दुमजली घर. 2023 च्या उन्हाळ्यात ते पाडून अपार्टमेंट बांधायचं ठरलं आणि सामान हलवायला सुरुवात झाली. माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागं रॉकेलचे रिकामे पत्र्याचे डबे होते, डब्यांत लाकडाचा भुसा आणि भुशात काचेच्या बरण्या. बरण्यांत साप. घरच्या थोरल्यांना हे माहीत होतं. 'आबांचे साप' म्हणून लहानपणी सगळ्यांनी त्या बरण्या एकदा तरी चोरून पाहिल्या होत्या. पण पुढची तीसेक वर्षं कुणी डबे खाली काढले नव्हते.

आबांचं वय तेव्हा 84. हयात इंजिनात गेलेला माणूस. उद्यमनगरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि 1960 च्या दशकात कंपनीनं त्यांना राजस्थानात धाडलं. विहिरीवर पाणी ओढायची डिझेल इंजिनं बसवायची, बिघडलेली दुरुस्त करायची. ओसियां, फलोदी, पोकरण, बाडमेर असा त्यांचा फेरा असे. वर्षातले बरेच महिने तिकडं, उरलेले कोल्हापुरात.

सापांचा नाद लागला तो एका प्राध्यापकामुळं. हे गृहस्थ इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, आता हयात नाहीत. त्यांनी आबांना फॉर्मॅलिनची बाटली, एक मोठी सिरिंज आणि रीत दिली. बाजारात मिळतं ते फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला सुमारे 37 टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा एक भाग, पाण्याचे नऊ. आधी सापाच्या पोटात टोचायचं, मग त्याच द्रावणात बुडवून ठेवायचा. मानेला दोऱ्यानं जाड कागदाची चिठ्ठी, तिच्यावर फक्त नंबर. नंबर पेन्सिलनंच लिहायचा, कारण शाई द्रावणात उतरते, शिसं उतरत नाही. बाकी सगळं, म्हणजे गाव, तारीख, वेळ, कुठं आणि कसा सापडला, ते वहीत. तेही पेन्सिलनं.

तेव्हा यात बेकायदेशीर काही नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा आला 1972 साली. शिवाय निम्म्याहून अधिक साप आबांना मेलेलेच मिळाले होते. गावात साप निघाला की मारायचा, ही तिकडचीही रीत. मारलेला साप फेकायच्या आधी 'इंजिनवाल्याला' दाखवायचा, एवढीच भर आबांनी तिच्यात घातली होती.

अडचण काय होती

कायद्याचा प्रश्न होता आणि फॉर्मॅलिनचाही, पण दोन्हींना ठरलेली उत्तरं होती. खरी अडचण वहीची. बरण्या माळ्यावर, वही खालच्या खोलीतल्या ट्रंकेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात खालचा मजला पाण्यात गेला आणि ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर चिखलासोबत तो लगदाही बाहेर गेला. उरले नंबर.

नंबरवाला साप आणि गाववाला साप यांत काय फरक, असं घरच्यांनी मला, म्हणजे मदतीला गेलेल्या निसर्ग मंडळातल्या माणसाला, विचारलं. थरमधलं फुरसं घ्या. तिकडं त्याला बांडी म्हणतात. कोकणातल्या फुरशापेक्षा ते आकारानं मोठं आणि शास्त्रात वेगळी उपजात. भारतात सर्पदंशावर जी लस देतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार होते, आणि त्यासाठीचं विष बरंचसं तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. विष मात्र प्रदेशागणिक बदलतं. थरमधल्या फुरशाच्या दंशावर ही लस नीट लागू पडत नाही, हे बिकानेरच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये मांडलं. म्हणजे कुठल्या गावात कुठला साप होता, हे नुसतं छंदाचं टिपण राहत नाही. त्यात आणखी एक गोष्ट. राजस्थान कालव्याचं काम 1958 मध्ये सुरू झालं, 1980 च्या दशकात पाणी जैसलमेरच्या बाजूला पोचलं आणि जिथं बाजरी धड होत नव्हती तिथं गहू-मोहरी उभी राहिली. पाण्यामागं उंदीर आले, बेडूक आले, साप बदलले. आबांचे साप त्या पाण्याच्या आधीचे. पण ते नेमके कुठले, हे आता एकाच ठिकाणी शिल्लक होतं: आबांच्या डोक्यात.

समोरचे पर्याय

मुलाचं म्हणणं सरळ होतं. रात्री दोन पोती भरायची आणि कुठंतरी पुरून टाकायची. त्याची भीतीही खोटी नव्हती. बरण्यांत मांडूळ होतं. आपल्याकडं मांडूळ म्हटलं की पैशाचा पाऊस आणि तस्करी, महिन्या-दोन महिन्याला पेपरात कुणाला तरी पकडल्याची बातमी. बिल्डरच्या एखाद्या मजुरानं फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला असता, तर 84 वर्षांच्या माणसाच्या नावावर काय काय चिकटलं असतं सांगता येत नाही. पण पुरणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, आणि फॉर्मॅलिन मातीत किंवा गटारात ओतणं हा मूर्खपणा नक्कीच. नदी हाकेच्या अंतरावर.

नातवाला रील करायचं होतं. त्याला आजीनंच गप्प केलं.

एका कॉलेजनं काचेच्या कपाटात ठेवायची तयारी दाखवली. त्यांना गाव-तारीख नको होती, साप हवे होते. हा सोपा मार्ग, आणि वाईटही नाही. पोरांना प्रत्यक्ष बघायला मिळालं असतं. पण मग थरमधला साप आणि कागलच्या शेतातला साप यांत फरक उरला नसता.

चौथा पर्याय मोठ्या संग्रहाचा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं वाळवंटी केंद्र जोधपूरला आहे, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात, आणि मुंबईत 1883 पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. असे संग्रह नमुना घेताना पहिला प्रश्न स्थळाचा विचारतात.

आमच्या निसर्ग मंडळात एक वेगळाच आक्षेप आला. साप मारून बाटलीत भरणाऱ्याचं कौतुक कशाला? आक्षेप नोंदवून घेतला. पण मेलेले साप पुन्हा मरत नव्हते, आणि आबांचं कौतुक करायचं असं कुणी म्हटलंही नव्हतं.

पहिला निर्णय: आधी कुठं जायचं

आधी आबांकडून माहिती काढायची आणि सगळं जुळवून मग वनविभागाकडं जायचं, की उलट? मुलाला पहिलं हवं होतं, वकील असलेल्या जावयाला दुसरं. कायद्याच्या 39 व्या कलमात म्हटलंय की सरकारी मालमत्ता ठरणारी अशी वस्तू ताब्यात आली की 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवायला हवं. 1972 च्या आधीच्या नमुन्यांना ते कसं लागू होतं, यावर वाद घालता येतो. जावई म्हणाला, "वाद घालता येतो म्हणजे कोर्टात घालावा लागतो. आधी अर्ज द्या."

अर्ज गेला. प्रत्येक बरणीचा फोटो, आबांचा सहीचा जबाब, घराची कागदपत्रं. वनपाल आणि वनरक्षक येऊन पंचनामा करून गेले. बरण्या सीलबंद झाल्या आणि वरून आदेश येईपर्यंत तिथंच राहिल्या. तपासणीसाठी उघडायच्या तर वनरक्षकासमोर, नोंद करून. या एका गोष्टीनं घरातला ताण निम्मा उतरला. चोरून करायचं काही राहिलं नाही म्हटल्यावर आबाही बोलायला मोकळे झाले. आधी ते मुलाच्या तोंडाकडं बघून बोलत होते.

आठवणी कशा घेतल्या

पहिली बैठक मुलानं भरवली. सोफ्यावर आबा, समोर मोबाइल रेकॉर्डिंगला, भोवती मुलं, सुना, नातवंडं, शेजारचे दोघं. आबा रंगात आले. पोकरणचं तीन फुटी फुरसं आलं. "1974 ला बाँब फोडला नव्हं, त्याच वाळूत मी बांड्या धरल्यात" हे आलं. खाटेवरचा पीवणा, म्हणजे श्वास पिणारा साप, आला. पोरं मध्येच पुढचं वाक्य म्हणत होती, इतकं ते सगळ्यांना पाठ.

बरणीतलं सगळ्यात मोठं फुरसं मोजलं तर दोन फुटांनाही कमी भरलं. फॉर्मॅलिनमध्ये साप थोडा आखडतो, पण फूटभर नाही.

इथं ठरवायचं होतं की हे सांगणं कितपत धरायचं. सोपा मार्ग म्हणजे नेमके प्रश्न विचारणं. आमच्यातल्या एकानं नकाशा समोर ठेवून विचारलं, "आबा, चार नंबरचा साप फलोदीचा का?" आबा म्हणाले, "व्हय, फलोदीचाच." दोन दिवसांनी दुसऱ्यानं तोच साप दाखवून ओसियां सुचवलं. "व्हय की, ओसियांच ते." आबा खोटं बोलत नव्हते. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही हा स्वभाव, आणि सुचवलेलं नाव एकदा कानावर पडलं की ते आठवल्यासारखंच वाटतं. त्यानंतर एक नियम केला. गावाचं, सालाचं किंवा सापाचं नाव आमच्या तोंडून जाणार नाही. नकाशा बंद, सापांचं पुस्तक बंद, आणि खोलीत आबांशिवाय जास्तीत जास्त दोन माणसं.

तरीही गाडी अडलीच. सापाबद्दल विचारलं की तीच गोष्ट, त्याच शब्दांत. वाट दाखवली ती आजींनी, चहा ठेवता ठेवता.

"आवो सर, त्यास्नी साप इचारू नका. इंजान इचारा. मी सांगतो तुम्हाला, झोपेतनं उठवून इचारलं तरी इंजनाचा नंबर सांगतील."

हे आम्हाला सुचायला हवं होतं असं नाही. पण हीच या प्रकरणाची किल्ली ठरली. सापांच्या गोष्टी आबांनी पन्नास-पंचावन्न वर्षं सांगितल्या होत्या. पाव्हण्यांना, पोरांना, गणपतीत, लग्नात. दर वेळी थोडं गुळगुळीत व्हायचं, थोडं वाढायचं. इंजिनाच्या गोष्टी ऐकायला कुणीच बसलं नव्हतं. त्या जशा ठेवल्या होत्या तशाच पडून होत्या.

मग नुसतं एवढंच विचारलं: कुठलं इंजिन सगळ्यात जास्त त्रास द्यायचं? आबा सावरून बसले. वाळू. एअर क्लीनरमधल्या तेलाचा एका आठवड्यात गाळ व्हायचा, आणि मालकानं तो बदलला नाही की एका हंगामात पिस्टन रिंगा खलास. ओसियांच्या पलीकडं एका विहिरीवर त्यांनी क्लीनरवर गोणपाट बांधून दिलं होतं. मालक रोज सकाळी ते झटकायचा आणि आबांना ताकाचा लोटा द्यायचा. त्याच विहिरीवर, उन्हं वर यायच्या आत, वाळूवर रेघा दिसल्या. आबांनी त्या टेबलावर बोटानं काढून दाखवल्या. एकामागं एक सुट्या, तिरक्या, प्रत्येकीच्या टोकाला छोटा आकडा. रेघ सलग नाही. फुरसं आडवं चालतं, अंग उचलून पुढं टाकतं, म्हणून तसं. "वारं सुटायच्या आत बघायचं. नऊ वाजलं की पुसलं." रेघा फोगच्या झुडपापाशी थांबल्या होत्या. काठीनं फांदी उचलली तर आत अंगाची वेटोळी घासत बसलेलं फुरसं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज करत. बाजूच्या करवती खवल्यांचा तो आवाज. तोंडातून येत नाही.

यातलं काही आम्ही सुचवलं नव्हतं. फोग हे नावही आबांचंच. कोल्हापुरात ते झुडूप कुणी पाहिलेलं असायचं कारण नाही.

आणि मग सहज, ताकाच्या लोट्यावरून घसरत आबा म्हणाले, "बिलं हायत की तारंला."

माळ्याच्या तुळईला एक जाड तार होती, टोकाला वाकवलेली, आणि तीत ओवलेले पिवळे कागद. घर रिकामं करताना रद्दीत टाकायचे म्हणून बाजूला काढले होते. ही आबांची प्रवासबिलं. कंपनीला दिलेल्या बिलाची प्रत मंजूर होऊन परत यायची, ती त्यांनी तारेत अडकवलेली. प्रत्येक बिलावर गाव, तारीख, इंजिनाचा नंबर, काय काम केलं, बस किंवा उंटाचं भाडं. सापाचा उल्लेख अर्थातच नाही. पण आता साप आठवणीत इंजिनाला बांधलेला होता आणि इंजिन बिलावर गावाला. पूर माळ्यापर्यंत पोचला नव्हता.

सात नंबरची बरणी

या बरणीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. बाडमेरकडं भर उन्हाळ्यात, अंगणात खाटेवर झोपलेल्या माणसाच्या छातीवर पीवणा बसला होता. श्वास पिणारा साप. आबांनी चिमट्यानं तो उचलला आणि जिवंत बाटलीत सोडला. पहिल्या बैठकीत ही गोष्ट आबांनीच सांगितली होती.

पीवणा ही थरमधली जुनी समजूत. साप रात्री येतो, झोपलेल्याचा श्वास पितो, सकाळी माणूस उठत नाही. समजुतीच्या मागं खरा साप आहे, मण्यारीच्या जातीचा. मण्यार रात्री हिंडते, तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही, सूज फारशी येत नाही, आणि विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. दंशाची खूण सापडत नाही आणि श्वास गेलेला असतो. मग तो कुणीतरी प्याला असणार, हे म्हणणं तर्काला सोडून नाही.

बरणी वनरक्षकासमोर उघडली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं साप ट्रेमध्ये घेतला आणि अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजल्या, पोटाचे रुंद खवले सोडून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पाठीच्या मधली ओळ मोठ्या षटकोनी खवल्यांची, म्हणजे मण्यारच. आपल्याकडच्या साध्या मण्यारीला या ओळी 15 असतात. इथं 17 भरल्या. दोनदा मोजल्या. सिंधी मण्यार.

आणि दुसरी गोष्ट. शेपटीकडच्या तिसऱ्या भागात आडवा काप होता. दोन बरगड्या तुटलेल्या, कडा स्वच्छ. फॉर्मॅलिननं मांस जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. चिमट्यानं असा काप होत नाही. धारेच्या लोखंडानं होतो.

आता प्रश्न होता आबांना विचारायचं का, आणि कसं. एक मत असं की सोडून द्या. म्हाताऱ्या माणसाची नातवंडांपुढची गोष्ट कशाला मोडायची, चिठ्ठीवर 'बाडमेर परिसर' लिहू. हे दयाळू होतं, पण बाडमेर चूक असेल तर सापांच्या नकाशावर एक खोटा ठिपका कायमचा बसला असता. दुसरं मत काप दाखवून थेट विचारायचं. त्यात माणूस एक तर बचावाला उभा राहतो, नाहीतर गप्प होतो. आम्ही दोन्ही केलं नाही. बिलांत शोधलं, की कुठल्या कामात धारेचं लोखंड जमिनीत जातं. इंजिनाचा पाया खणताना.

"आबा, पाया किती खोल घ्यायचा?"

"माती बघून. साडेतीन फूट तरी. फलोदीला चार घेतला. खाली उंदरांची बिळंच बिळं, भुसभुशीत. आन गारठा म्हंजी... सकाळी पाना हातात धरवत नव्हता." मग थोडं थांबून, "कोयनेचा भूकंप झाला तवाचं हे. रेडिओवर कळलं, मी घरला तार केली."

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. तारेवरून त्या महिन्याचं बिल काढलं. फलोदी, पाया आणि उभारणी, आणि खाली किरकोळ खर्चात 'तार'. ती रक्कम लाल पेन्सिलनं खोडलेली. खासगी तारेचे पैसे कंपनीनं दिले नव्हते, आणि आबांना त्याचा राग अजून होता.

"खणायला कोण होतं?"

त्यांनी मजुराचं नाव सांगितलं. "त्यानं कुदळ मारली आन त्यातच घावला बघा. थंडीनं गप पडला होता बिळात. अर्धा कापला. मी म्हटलं, राहू दे, फेकू नको."

नातू दारात उभा होता. नियमाप्रमाणं त्यानं तिथं नसायला हवं होतं. "मग खाटेवरचा?"

"ते बाडमेरचं. तिथं साप कुणी बघितला? बाई गेली हुती. सकाळी उठलीच न्हाई. मी इंजनाच्या कामाला गेलो तर घरात रडारड."

डिसेंबरच्या कडाक्यात मण्यार उघड्यावर खाटेवर चढत नाही. ती बिळात पडून असते. म्हणजे हंगाम, काप, बिल आणि आबांचं हे दुसरं सांगणं चारी एका ठिकाणी आले. खाटेची गोष्ट बनावट नव्हती. एका गावचा मृत्यू आणि दुसऱ्या गावचा साप पोरांना सांगता सांगता कधीतरी एकत्र आले. पोरांना दिसणारा साप हवा होता आणि बरणीत तो होता.

चिठ्ठीवर काय लिहायचं

संग्रहपालांना एका रकान्यात एक गाव हवं होतं. ते त्यांच्या जागी बरोबर, संगणकात रकाना एकच असतो. आमचा आग्रह असा की माहिती कुठून आली हेही नमुन्यासोबत राहिलं पाहिजे. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर प्रत्येक चिठ्ठीत स्थळाशेजारी आधार लिहायचं ठरलं: बिल, सांगणं, की नमुन्यावरची खूण. सातव्या बरणीवर आधार म्हणून तिन्ही आले. जिल्हा लिहिताना 'तेव्हाचा जोधपूर' असं मुद्दाम लिहिलं, कारण फलोदी 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. पुढच्या कुणी जुन्या नोंदींत फलोदी जिल्हा शोधत बसू नये.

जिथं इंजिन आठवलं पण बिल मिळालं नाही, तिथं तालुक्याच्या आत गेलो नाही. आबा गावाचं नाव ठामपणे सांगत होते तरीही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महागात पडलेला निर्णय 2023 चा नाही, 2019 चा आहे. वही पेन्सिलनं लिहिलेली होती. पाण्यानं पेन्सिल जात नाही. भिजलेली वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली आणि नंतर सावकाश, पानापानानं वाळवली, तर बरंचसं वाचता येतं. कागदपत्रं वाचवणारे लोक हेच करतात. पण पुरानंतरच्या त्या आठवड्यात घरात वीज नव्हती, गुडघाभर गाळ, प्यायला टँकरचं पाणी. लगदा झालेली वही फेकली म्हणून कुणाला बोल लावता येत नाही. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी अशी वही माळ्यावर आणि भांडी खाली ठेवावीत, एवढं मात्र म्हणता येतं.

पहिली बैठक कुटुंबासमोर झाली नसती तर बरं झालं असतं. एकदा नातवंडांसमोर खाटेची गोष्ट सांगितल्यावर आबांना ती मोडणं जड गेलं असतं. पायाचा प्रश्न आडून आला म्हणून निभावलं. अशा कामात पहिलं बोलणं एकट्यानं, कामाविषयी, आणि पाठ झालेल्या गोष्टी सगळ्यात शेवटी, असा क्रम हवा.

बरण्या बंद खोलीत उघडणं टाळायला हवं होतं. जुनं फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं आणि त्याची वाफ कर्करोगाला कारण ठरू शकते. पहिल्यांदा उघडलं तेव्हा आबाही शेजारी बसले होते, डोळे पुसत. नंतरच्या बरण्या गच्चीवर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उघडल्या. द्रावण बदललं तेव्हा जुनं गटारात न ओतता कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात दिलं.

आणि वनविभागाकडं आधी गेलो ते योग्यच झालं, हे मुलालाही आता पटतं. घर पाडायला आलेल्या मजुरांपैकी एकानं खरंच फोटो काढला होता. पण तोवर बरण्यांवर सील होतं.

सध्याची स्थिती

बहुतेक बरण्या वनविभागाच्या परवानगीनं एका संशोधन संग्रहात गेल्या. प्रवासबिलांच्या प्रती आणि ध्वनिमुद्रण त्यांच्यासोबत. कापाचे फोटो वेगळे. मूळ बिलं आबांनी दिली नाहीत. नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत खिळा ठोकून ती तार तिथं लावली आहे, आणि कोयनेच्या वेळी घरी केलेल्या तारेच्या कापलेल्या पैशांचा विषय आजही निघतो.

अडलीय ती अकरा नंबरची बरणी, एक छोटं फुरसं. आबा म्हणतात पोकरणचं. बिलांतून काही निघत नाही, आणि आकारावरून ते कोकणातलं वाटतं. आजींची बहीण देवगडला दिलेली. आजींचं म्हणणं, "देवगडचंच हाय ते. आंब्याला गेलो हुतो तवा कातळावर घावलं. मी सोबत होतो की." आबा ऐकून घेतात आणि मान हलवतात, पण कबूल करत नाहीत. संग्रहानं ही बरणी घेतली नाही. ती कॉलेजच्या कपाटात आहे, दोघांचं म्हणणं लिहिलेल्या दोन चिठ्ठ्यांसह. पोटाकडच्या खवल्यांची मोजणी अजून व्हायची आहे.